वस्तीतल्या पोरांवर इंडी (म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय, कमी पैशात केलेली) फिल्म करायचीय? मग कॅमेऱ्याआधी हे बघा

पहिलं म्हणजे स्टोरी. बरेच जण गरिबीवर फिल्म लिहायला बसतात आणि तिथेच गंडतात, कारण बारा वर्षाच्या पोराला आपण गरीब आहोत याचं दिवसभर टेन्शन नसतं, त्याला काहीतरी हवं असतं. तमिळ 'काक्का मुट्टै' मधे चेन्नईच्या वस्तीतल्या दोन भावांना पिझ्झा खायचाय, बस्स. त्या एका पिझ्झ्यापायी पैसा, जात, दुकानाचा दरवाजा, न्यूजचॅनल सगळं आपोआप आत येतं (त्याचाच मराठीत 2016 ला समित कक्कडने 'हाफ तिकीट' केला). तर आधी एकच गोष्ट ठरवा, सायकल म्हणा, शाळेच्या ट्रिपचे पैसे म्हणा. ती मिळवताना पोरगं थोडं मोठं होतं, तेवढी स्टोरी पुरते.

आता पोरं कुठून आणायची. अंधेरीतल्या कास्टिंगवाल्याकडून आणू नका असं माझं स्पष्ट मत आहे. ती पोरं जाहिरातीत काम करून करून गोड हसायला शिकलेली असतात. त्याच वस्तीत जा, गणपती मंडळाच्या ऑफिसात बसा, क्रिकेट चालू असेल तिथे नुसते उभे रहा, महिनाभर तरी कॅमेरा काढू नका. मीरा नायरने 1988 च्या 'सलाम बॉम्बे' साठी रस्त्यावरच्या पोरांचं वर्कशॉप घेतलं होतं, नाटकवाले बॅरी जॉन ते चालवायचे, आणि तिथे पहिली मेहनत कशावर गेली तर पोरांच्या अंगातला हिंदी सिनेमा काढण्यावर. हे आजही तसंच आहे, फक्त आता सिनेमाच्या जागी रील्स आहेत. कॅमेरा दिसला की पोरगं केसातून हात फिरवतं, स्लो मोशनमधे वळतं. त्याला ओरडू नका, आठवडाभर करू द्या मनसोक्त, मग कंटाळतं आपोआप.

स्क्रिप्ट पोरांच्या हातात देऊ नका. पाठ करून आले की शाळेत कविता म्हणतात तसं म्हणतात. त्यापेक्षा सिच्युएशन सांगा, 'आईने डब्यातले पैसे मोजलेत, वीस रुपये कमी आहेत, तुला माहितीय कोणी घेतले, पण सांगायचं नाही', आणि मग काय बोलशील ते बोल. जे येईल ते रात्री लिहून घ्या आणि तेच स्क्रिप्टमधे टाका. तुमचे डायलॉग कितीही भारी असले तरी पोराचं 'मला काय माहीत, मी झोपलेलो' त्याच्यापुढे भारी पडतं.

परमिशनचं मात्र लाइटली घेऊ नका, इथे इंडीवाले हमखास शॉर्टकट मारतात. 14 वर्षाखालचं मूल असेल तर बालकामगार कायद्याच्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. धारावीत शूट असेल तर मुंबई शहर जिल्ह्याच्या, गोवंडीत असेल तर उपनगर जिल्ह्याच्या, म्हणजे बांद्र्याच्या ऑफिसात जायचं. सोबत फॉर्म सी मधे हमी, मुलांची यादी, आईवडिलांची संमती. ती हमी सहा महिनेच चालते, त्यामुळे फंड यायच्या आधी काढून ठेवू नका. दिवसाला पाच तासाच्या वर काम नाही, सलग तीन तासाच्या वर नाही, सलग 27 दिवसाच्या वर नाही, आणि पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. हे काम असिस्टंट डिरेक्टरच्या गळ्यात मारू नका, तो आधीच मेलेला असतो, वस्तीतलीच एखादी बालवाडीची ताई पगार देऊन घ्या. मानधनातले निदान 20 टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी. आणि पैसे एरियातल्या कुठल्या दादाच्या हाती कॅश द्यायचे नाहीत म्हणजे नाहीत.

पाच तासात काय होणार असं वाटत असेल तर खरं सांगायचं तर होतं. पोरं तसंही तिसऱ्या टेकनंतर उतरतात. दिवसाला दोन सीन धरा, मोठ्यांचे शॉट्स उरलेल्या वेळात काढा.

शेड्यूल लावताना मे महिना मोकळा दिसतो म्हणून खूश होऊ नका, सुट्टी लागली की अर्धी वस्ती गावाला. आणि जूनच्या तोंडावर सगळ्या पत्र्यांवर निळ्या ताडपत्र्या चढतात, म्हणजे अर्ध्या फिल्ममधे गल्लीचा रंगच वेगळा. दिवाळीनंतरचा काळ बरा. तरी कंटिन्युइटी (एका शॉटमधे दिसतं तेच पुढच्या शॉटमधे दिसणं) पोरंच मोडतात, कोणी झिरो कट मारून येतो, कोणाचा दात पडतो, आणि बारा-तेराच्या मुलाचा तर आवाज फुटतो, म्हणून डबिंग नंतर बघू असं म्हणूच नका. सिंक साउंड करा, म्हणजे आवाज शूटच्या वेळीच रेकॉर्ड करा. शर्टाच्या आत छोटा माइक, आणि नळाला पाणी कधी येतं, लोकल कुठून जाते, भोंगे कधी वाजतात ते साउंडवाल्याने आधीच वहीत लिहून ठेवायचं. पाण्याच्या वेळेला शूट लावलं तर बायका शिव्या घालतील आणि बरोबरच घालतील.

गर्दी होणारच. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एक मोठा ट्रायपॉड, एक लाइट आणि हेडफोन लावलेला मित्र उभा करा, पब्लिक तिकडे जातं, तुम्ही इकडे छोट्या कॅमेऱ्याने काम उरका.

फिल्म झाल्यावर पोरांचं काय, हे शूटच्या आधी बोलून घ्या. 'सलाम बॉम्बे' च्या मेन पोराला नॅशनल अवॉर्ड मिळालं, पुढे तो बंगळुरात रिक्षा चालवायचा. त्या फिल्ममधूनच सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला ही चांगली गोष्ट, पण तुमच्याकडे तेवढे पैसे नसणार. निदान घरी बसून सरळ सांगा की हे एकच काम आहे, हिरो होणार नाहीस, शाळा सोडायची नाही.

पोस्टला, म्हणजे शूटनंतरच्या एडिटिंग-साउंडच्या कामाला, पैसे संपले तर गोव्याला इफ्फी या फिल्म फेस्टिव्हलच्या वेळेला फिल्म बाजार (आता नाव वेव्ज फिल्म बाजार) असतो, तिथल्या वर्क इन प्रोग्रेस या अर्धवट फिल्म्सच्या विभागाला रफ कट, म्हणजे कच्चं एडिट, पाठवा. थेटरला लावायची तर सेन्सॉर आलं. आता यूए (ठरावीक वयाखालच्या मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघायची) मधे 7, 13 आणि 16 असे तीन प्रकार झालेत, पोरांच्या तोंडच्या खऱ्या शिव्या ठेवल्यात तर 16 प्लस मिळायचे चान्सेस जास्त, मग तुमच्याच बारा वर्षाच्या हिरोने स्वतःची फिल्म बघायची की नाही ते आधी त्याच्या आईला विचारावं लागणार.