घरातल्या मोठ्यांच्या आठवणी कशा जमवायच्या (आणि "तुझं लहानपण सांग" असं का विचारायचं नाही)

आजीला किंवा आईला समोर बसवून "तुझ्या आयुष्याबद्दल सांग ना" म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं, "काय सांगायचं बाळा, कष्टातच गेलं सगळं". आणि मग आपण मोबाईल खाली ठेवतो. त्यांच्याकडे सांगायला भरपूर असतं हो, पण एवढा मोठा प्रश्न आला की कुठून सुरू करावं तेच कळत नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की आयुष्याबद्दल विचारू नका, एखाद्या वस्तूबद्दल, एखाद्या पावसाबद्दल, एखाद्या गाण्याबद्दल विचारा, आयुष्य आपोआप मागनं येतं.

सुरुवात भांड्यांपासून करा. खरंच सांगतो, आपल्या मराठी घरात भांड्यांवर जेवढा इतिहास लिहिलेला असतो तेवढा कुठल्या कागदावर नसतो. माळ्यावरची पितळेची तांब्याची भांडी खाली काढा, चिंचेनं घासा, आणि उजेडात तिरकी धरून त्यावरची नावं वाचा. कुणी दिलं, कुणाला दिलं, लग्न की मुंज की बारसं, आणि बऱ्याचदा तारीख पण असते. आमच्याकडे एक पितळी घंगाळ आहे, त्याच्या काठाला ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय "मामांकडून सप्रेम भेट, ता. १२-५-६४". ते आईसमोर ठेवून फक्त एवढंच विचारलं की हे कुठनं आलं गं. तर निघालं काय, की तिचा मामा मुंबईला गिरणीत होता, लालबागला खानावळीत जेवायचा आणि बोनसचे पैसे आले तेव्हा त्यानं तांबा काट्यावर (मुंबईतला भांड्यांचा बाजार) जाऊन हे घंगाळ घेतलं, मावशीच्या लग्नासाठी. मग भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं हर्णैला. बोट तेव्हा किनाऱ्याला लागायचीच नाही, समुद्रातच पडावात (होडीत) उतरायला लागायचं, तर मामा ते घंगाळ डोक्यावर पालथं घालून पडावात उभा आणि किनाऱ्यावर ही सगळी पोरं हसतायत! हे सांगताना आईनं दोन्ही हात डोक्यावर धरून दाखवले. "तुझ्या मामाबद्दल सांग" असं विचारलं असतं तर ती म्हणाली असती, चांगला होता बिचारा, झालं.

आणि अशा वेळी मधे मधे प्रश्न टाकू नका. फक्त "मग?" म्हणायचं. गप्प बसल्या तर आपणही गप्प बसायचं, त्या आठवत असतात, आपल्याला उगाच वाटतं की संपलं.

आता वर्षाचं काय करायचं, कारण "कोणत्या साली?" विचारलं की बहुतेकांना सांगता येत नाही आणि त्यांना उगीच परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा मोठ्या घटनांच्या आधी की नंतर ते विचारायचं. पुण्याची माणसं असतील तर पानशेतच्या पुराच्या आधी की नंतर (धरण फुटलं ते १२ जुलै १९६१ ला). सातारा, सांगली, चिपळूणकडे कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७, पहाटे). लातूर, धाराशिवकडे किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालेलं, त्यामुळे तो दिवस तिकडे कुणीच विसरत नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या घरात जानेवारी १९८२ चा संप, तिथे तर सगळं आयुष्यच संपाआधीचं आणि संपानंतरचं असं बोललं जातं. आणि जवळजवळ अख्ख्या महाराष्ट्रात ७२ चा दुष्काळ.

दुष्काळाचं विचारताना पण "दुष्काळ कसा होता" असं नको, "सुकडी कशी लागायची", "मिलोची भाकरी कसली व्हायची" असं विचारा (सुकडी म्हणजे तेव्हा वाटायचे तो कोरडा खाऊ, मिलो म्हणजे बाहेरच्या देशातनं आलेली लाल ज्वारी). माझी आत्या माणदेशातली, तिनं दुष्काळी कामावर खडी फोडलीय तेव्हा. ती सांगते की लाल मिलोची भाकरी थापताना चिरायची, आणि खडी फोडताना बायका हाताला चिंध्या बांधायच्या आणि लहान पोरांना बाभळीखाली झोळीत ठेवायच्या. पुस्तकात तुम्हाला किती लोक कामावर होते ते मिळेल, पण कापडाची चिंधी कुठल्या बोटाला बांधायची ते फक्त तीच सांगू शकते.

निसर्गाकडून गेलात तर शेतीतल्या माणसांचं अजून खुलतं. त्यांची आठवण इंग्रजी महिन्यावर नसते, नक्षत्रावर असते. मृग लागतो ७-८ जूनला, मग आर्द्रा, मग पुनर्वसू म्हणजे तरणा पाऊस, पुष्य म्हणजे म्हातारा पाऊस, पुढे आश्लेषा, मघा असं करत सप्टेंबरच्या शेवटी हस्त म्हणजे हत्तीचा पाऊस. "जुलैमध्ये काय करायचात" विचारून बघा आणि "तरण्या पावसात काय करायचात" विचारून बघा, फरक कळेल. दुसऱ्या प्रश्नाला चिखल, इरलं, लावणीची गाणी, गळकं छप्पर, चुलीतली ओली लाकडं सगळं येतं. हस्त म्हटलं की बायकांना भोंडला, हादगा आठवतो आणि मग खिरापत ओळखायचा खेळ. तिथे त्यांना गाऊ द्या, रेकॉर्ड करा, शब्द चुकले तरी टोकू नका, नेटवर असलेल्या गाण्यापेक्षा त्यांच्या गावचं गाणं वेगळं असणारच आणि तेच तर पाहिजे. जात्यावरच्या ओव्या येत असतील तर सगळं बाजूला ठेवून आधी त्या घ्या. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून अशा एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या, आज त्यातल्या काही नेटवर ऐकायला मिळतात, पण तुमच्या आजीनं रचलेली ओवी त्यात असेलच असं नाही.

करमणुकीचं बऱ्याच लोकांना उगाच हलकं वाटतं, म्हणजे आठवणी म्हणजे काहीतरी गंभीरच पाहिजेत. मला तसं अजिबात वाटत नाही. उलट माणूस कशावर हसला, कशासाठी घरातनं पळून गेला, कुणाचं बघून केस ठेवले, यातून तो जास्त कळतो. जे आजोबा कामाबद्दल दोन वाक्यं बोलत नाहीत ते जत्रेतल्या तंबूतल्या सिनेमाबद्दल तासभर बोलतील. नारायणगावच्या राहुट्यांवर (तिथे तमाशाचे फड बुक करतात) गावच्या जत्रेसाठी तमाशा ठरवायला कोण गेलं होतं, कोकणात दशावतार बघायला रात्री किती मैल चालत गेले, कंदील कुणाच्या हातात होता. रेडिओबद्दल विचारा, तेव्हा रेडिओला लायसन लागायचं, पोस्टात जाऊन फी भरायला लागायची, ते जुनं पुस्तक एखाद्या ट्रंकेत सापडेल पण. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर गीतमाला कुणाच्या घरी ऐकायला जमायचे, आणि टीव्ही (मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं) चाळीत पहिला कुणाकडे आला आणि त्यांनी बाकीच्यांना आत बसू दिलं की खिडकीतून बघायला लागलं. ह्या शेवटच्या प्रश्नाला जे उत्तर येतं ना त्यात जात, पैसा, शेजार सगळं असतं, शांतपणे ऐका.

आता थोडं कामाचं. बसायची वेळ हाताला काम असताना ठेवा, मेथी निवडताना, शेंगा फोडताना, वाती वळताना, नजरेला नजर नसली की माणसं मोकळी बोलतात. मोबाईल फ्लाइट मोडवर टाका, घडी केलेल्या टॉवेलवर त्यांच्या जवळ ठेवा, पंखा बंद, कुकरची वेळ टाळा. रेकॉर्ड करतोय हे सांगायचंच, चोरून नाही. आणि कधी कधी दुखरं काहीतरी येतं, गेलेलं मूल, सासरचा त्रास, भावकीतलं भांडण. तेव्हा हात पुढे करून रेकॉर्डिंग बंद करा आणि नुसते बसा. नंतर त्यांनी स्वतः म्हटलं की लिही हे, तरच लिहायचं.

परदेशात असाल तर व्हिडिओ कॉलवर पण होतं, फक्त तिकडे भांडं किंवा फोटो हातात द्यायला भाऊ, वहिनी कुणीतरी पाहिजे.

जुने फोटो खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढा. चिकट पानांच्या अल्बममधले ओढून काढू नका, फाटतात, पानासकटच फोटो घ्या. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलनं, बॉलपेननं नको, त्याचा दाब पुढे उमटतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर क्वालिटी जाते. फाईलला नाव देताना कोण, कशाबद्दल आणि तारीख एवढं तरी टाका, आणि सगळं दोन ठिकाणी ठेवा.

लिहून काढताना त्यांची भाषा सुधारू नका. आत्या "व्हतं" म्हणते तर "व्हतं"च लिहा. दोन भावंडं एकच गोष्ट वेगवेगळी सांगत असतील तर कोण बरोबर ते ठरवत बसू नका, दोन्ही लिहा, नावानिशी. मग आठ-दहा पानांचं झालं की मोठ्या अक्षरात प्रिंट काढून मावशी, काका, आत्या यांच्याकडे पाठवा आणि बाजूला रुंद समास मोकळा सोडा, कारण त्यांना तिथे लिहायचं असतं, "नुसतं घंगाळ नव्हे, हंडा पण होता, तो तुमच्याकडेच आहे."