कन्सल्टिंगची कंत्राटं सोडून पूर्णवेळ धंद्यात उतरताय? या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांना कंत्राटावर सल्ला देणारे पुष्कळ आहेत. कुणी पीएलसीचं, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं, प्रोग्रॅमिंग करतं, कुणी क्वालिटी ऑडिटची तयारी करून घेतं. त्यातले हुशार लोक कधीतरी स्वतःचं काही उभं करायचं ठरवतात. निर्णय चांगलाच असतो, पण पुढे सगळे त्याच चुका करतात आणि बघणाऱ्याचा जीव तुटतो.

सगळ्यात महागात पडते ती तोंडी शब्दावर कंत्राट सोडण्याची घाई. माझ्या ओळखीतला एक पोरगा वाळूजच्या एका कारखान्यात ऑटोमेशनचं काम बघायचा. मेंटेनन्सचे साहेब म्हणाले, "तू मशीनच्या कंट्रोल पॅनलचं वर्कशॉप टाक, पहिली ऑर्डर आमचीच." त्यानं कंत्राट सोडलं, चिकलठाण्यात गाळा घेतला, डिपॉझिट भरलं, वायरमन ठेवले. ऑर्डर मागायला गेला तर परचेसवाल्यांनी व्हेंडर कोड, म्हणजे माल पुरवणाऱ्याचा नोंदणी क्रमांक, विचारला. सल्लागार म्हणून त्याची बिलं सर्व्हिसच्या खर्चात निघायची. माल पुरवायचा तर नवी नोंदणी, वर्कशॉपची पाहणी, आधी केलेल्या कामाचे दाखले. दाखले आणणार कुठून? तेवढ्यात साहेबांची बदली झाली. भाडं मात्र दर महिन्याला भरावंच लागलं. जालन्याच्या एका रोलिंग मिलनं दुरुस्तीची बारीकसारीक कामं दिली म्हणून तो तगला. साहेब खोटं बोलले नव्हते, ऑर्डर काढायचा अधिकारच त्यांच्याकडे नव्हता.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो: कंत्राटात मनाई नसेल तर व्हेंडर नोंदणीचा अर्ज आधीच टाका, आणि पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, हातात आल्याशिवाय गाळ्याचं डिपॉझिट भरू नका. पहिले एक-दोन पॅनल दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये बनवून घ्या. नफा कमी सुटेल, पण दाखला मिळेल. यावर नवी पोरं म्हणतात, "यात वर्ष जाईल." जाऊ द्या. ज्याला वर्षभर थांबवत नाही, त्याला पुढे थकलेली बिलं वसूल करायला लागणारा धीर कुठून येणार?

दुसरी चूक याच्या उलट, अर्धवट सोडण्याची. "आठवड्यातून दोनच दिवस जातो" म्हणणाऱ्याला पाचव्या दिवशीही लाइन बंद पडली की फोन येतोच, आणि सवयीनं तो गाडी काढतोच. त्या वेळी स्वतःच्या गाळ्यावर गिऱ्हाईक येऊन परत जातं. सोडायची तारीख लेखी कळवा. मशीनवार नोंदींची वही, प्रोग्रॅमचे बॅकअप आणि पासवर्ड सही घेऊन सोपवा. त्यानंतर बोलावलं तर दर भेटीचं वेगळं बिल लावा, तेही आधी ठरवून. मी स्वतः दुपारी चारच्या आत जुन्या कामाचा फोन उचलत नाही. लोकांना राग येतो, मग सवय होते.

बाकीच्या थोडक्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर फार तर ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत चुकतं करावं, असं २००६ चा कायदा सांगतो. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. मुदत टळली तर २०२३-२४ पासून खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी आयकरात वजा करता येतो, त्यामुळे मार्चअखेरीला त्यांचा सीएच तुमच्या बिलाची आठवण काढतो.

घरखर्चाचं आणि धंद्याचं बँक खातं एकच ठेवू नका.

जुन्या बिलांतून आगाऊ कापलेला आयकर, म्हणजे टीडीएस, आयकराच्या पोर्टलवर दिसतो का, ते कारखान्याच्या अकाउंट्समध्ये ओळख असेतोवर तपासून घ्या.

गिऱ्हाईक लातूर-परभणीकडचे शेतकरी असतील तर सोयाबीन बाजारात आल्याशिवाय उधारी वसूल होत नाही. त्याआधीच्या पावसाळ्याचा घरखर्च वेगळा काढून ठेवा.

आणि गृहकर्ज घ्यायचं असेल तर कंत्राट चालू असतानाच घ्या. नव्या धंद्याला बँक आधी दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते.