ड्रोनवरचा टॉवर: आधी वॅटमीटर लावा

माझं घर लालबागला. गणपतीत आमच्या गल्लीत फोनवर रेंजच्या सगळ्या दांड्या दिसतात, पण कॉल काही लागत नाही. टॉवर असतो, पण एवढ्या माणसांना तो पुरा पडत नाही. गर्दीपुरतं एक छोटं बेस स्टेशन, म्हणजे छोटा मोबाइल टॉवरच, ड्रोनवर बांधून आणता येईल का, हा प्रश्न घेऊन मी एम.टेक.ला आले. आता ज्युनिअर मुलं विचारतात, "ताई, सुरुवात कुठून करू?" मी सांगते, वॅटमीटरपासून, म्हणजे किती वीज खर्च होते ते दाखवणाऱ्या मीटरपासून.

मी स्वतः तसं केलं नाही. पहिले चार महिने मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये ट्रान्समिट पॉवर, म्हणजे सिग्नल पाठवायला लागणारी वीज, कमी करत बसले. आलेख छान येत होते. मग सरांनी लॅबमधला क्वाडकॉप्टर, म्हणजे चार पंख्यांचा ड्रोन, पुढे ठेवला आणि म्हणाले, "हा किती खातो ते आधी मोज." पावणेदोन किलो वजन, चार सेलची 5200 एमएएचची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, पोटाखाली झिपटायने बांधलेला वाय-फाय राउटर. बॅटरीच्या वायरमध्ये वॅटमीटर जोडून आम्ही तो जाळीच्या पिंजऱ्यात डोक्याएवढ्या उंचीवर स्थिर ठेवला. आकडा 240 ते 250 वॅटच्या मध्ये नाचत होता. त्यात राउटरचा वाटा 6 वॅट!

बॅटरीत 77 वॅट-तास. लिपो पूर्ण रिकामी करायची नसते, म्हणजे हाताशी साधारण 62. उड्डाण पंधरा मिनिटांचं. राउटर बंद केला तर त्यात वीसेक सेकंदांची भर पडते. माझे चार महिने त्या वीस सेकंदांसाठी गेले होते. खऱ्या स्मॉल सेलला, म्हणजे मोबाइलच्या छोट्या बेस स्टेशनला, राउटरपेक्षा जास्त वीज लागते, पण पारडं उड्डाणाकडेच झुकलेलं राहतं.

म्हणून आधी उड्डाणाचं गणित शिका. झेंग, शू आणि झांग यांचा 2019 चा रोटरी-विंग, म्हणजे फिरत्या पंख्यांच्या, ड्रोनचा शोधनिबंध घ्या आणि त्यातलं सूत्र वहीवर स्वतः सोडवा. एका जागी तरंगणं सगळ्यात स्वस्त असेल असं वाटतं, पण तसं नसतं. त्यांच्या उदाहरणात हॉवरला, म्हणजे असं तरंगायला, सुमारे 168 वॅट लागतात, सेकंदाला 10 मीटर वेगाने जाताना 126, आणि 30 मीटरला 350 च्याही वर. पुढे सरकताना पंख्यांना ताजी हवा मिळत राहते, त्यामुळे उचलून धरायला कमी जोर लागतो. वेग फार वाढला की हवेचा अवरोध सगळं खाऊन टाकतो. गर्दीवर हळू घिरट्या घालणारा ड्रोन लटकून राहिलेल्यापेक्षा जास्त टिकतो, तो यामुळेच.

"मोठी बॅटरी लावू" हे प्रत्येक जण म्हणतो. वजन सव्वापट झालं की हॉवरची वीज जवळपास 1.4 पट होते. हे आधी मांडा, मग खरेदी करा.

उंचीबद्दल परदेशी आकडे जसेच्या तसे उचलू नका. संशोधक अल-हुरानी यांच्या 2014 च्या मॉडेलमध्ये सिग्नलने सर्वांत जास्त परिसर झाकायचा तर कडेच्या फोनवरून ड्रोनकडे पाहताना जमिनीशी होणारा कोन उपनगरी वस्तीत सुमारे 20 अंश हवा, उंच इमारतींत 75. म्हणजे उंच इमारतींत ड्रोन खूप वर हवा. आपल्याकडे 2021 च्या ड्रोन नियमांनुसार ग्रीन झोनमध्येही, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येतं त्या भागातही, 400 फुटांची, म्हणजे 120 मीटरची मर्यादा आहे. लोअर परळचा वर्ल्ड वन टॉवर 280 मीटर आहे, म्हणजे ड्रोन त्याच्या निम्म्यापर्यंतही पोचत नाही. विमानतळ तर शहराच्या पोटातच, आणि त्याच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांवर गेलं की परवानगी लागते. पोलिसांचे बंदी आदेशही वेळोवेळी निघतात. ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा डिजिटल स्कायचा सरकारी नकाशा उघडल्याशिवाय प्रोजेक्टचं शीर्षक ठरवू नका. संशोधन संस्थांना ग्रीन झोनमधल्या स्वतःच्या आवारात सवलत आहे, म्हणून आमच्या चाचण्या रायगडातल्या एका कॉलेजच्या मैदानावर झाल्या. मोबाइलच्या बँडवर परवान्याशिवाय प्रक्षेपण करायचं नाही. आम्ही 2.4 गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर भागवलं.

पोर्टो रिकोत 2017 च्या वादळानंतर एटी अँड टी या अमेरिकी मोबाइल कंपनीने केबलने जमिनीवरून वीज घेणारा ड्रोन वापरला होता. लालबागच्या गर्दीत तशी केबल सोडायला जागा नाही, पण गच्च्या आहेत. माझ्या थीसिसमधला ड्रोन उडून एखाद्या चाळीच्या गच्चीवर उतरतो, पंखे बंद करतो आणि फक्त राउटर चालू ठेवतो. त्याच 62 वॅट-तासांत नुसता राउटर दहा तास चालतो; जाण्यायेण्याच्या उड्डाणाची वीज मात्र त्यातून वजा करायची. उंची गेल्यामुळे कुठल्या गल्ल्या झाकल्या जातात, ते मोजण्यात माझं दुसरं वर्ष गेलं.