विहिरींवरून गावाचा भूजल नकाशा

विहिरींतल्या पाण्यावरून गावाचा भूजल नकाशा काढायचा, तर दोन विहिरींमधल्या जागेची पातळी अंदाजानं भरावी लागते. आमच्या वरुडकडे संत्र्याच्या बागांतल्या विहिरी काही चौकटीत, सारख्या अंतरावर नाहीत. जिथं पाणी लागलं तिथं खोदल्या. म्हणून चौकोनी जाळीऐवजी विहिरी जोडून होणारे त्रिकोणच घ्या. सकाळी, ओलिताचे पंप सुरू व्हायच्या आधी, काठापासून पाण्यापर्यंतची खोली मोजा आणि काठाच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीतून वजा करा. ही वजाबाकी टाळाल तर नकाशात पाण्याऐवजी जमिनीचा चढउतार दिसेल. मग डेलोने पद्धतीनं विहिरी जोडा: कुठल्याही त्रिकोणाच्या परिवर्तुळात, म्हणजे तिन्ही कोपऱ्यांतून जाणाऱ्या वर्तुळात, दुसरी विहीर नको. प्रत्येक त्रिकोणात पाण्याची पातळी सपाट प्रतलासारखी धरली, तर त्रिकोणांच्या कडांवर घड्या पडतात. त्यावर क्लफ-टोचरची १९६५ ची रीत मला सगळ्यात पटते: प्रत्येक त्रिकोणाचे तीन तुकडे, प्रत्येकावर घन बहुपदी (तिसऱ्या घातापर्यंतचं सूत्र, म्हणजे वळणारा पृष्ठभाग), शेजाऱ्याशी उतारही जुळलेला. सायपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीत ती तयार आहे. कडेच्या विहिरींपलीकडचा भाग कोराच ठेवा.