पेशंटच्या अंगाला वास येतोय? या चुका टाळा

फिजिओथेरपी असो, मालिश असो की पेडिक्युअर, आपलं काम अंगाला हात लावूनच होतं. घामट बगल आणि कुबट मोज्यांशी गाठ पडणारच.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे वास आला की माणसावर आळशीपणाचा शिक्का मारणं. फ्रोजन शोल्डरच्या पेशंटचा हात बाजूला उचलतच नाही, मग बगलेत साबण पोचणार कसा? कंबर धरलेल्या आजींना वाकून पायाच्या बोटांच्या बेचक्या धुता येत नाहीत. त्यांना "रोज आंघोळ करता ना?" असं विचारणं मला क्रूरपणाचं वाटतं. "आंघोळ करताना हात कुठं कुठं पोचत नाही?" असं विचारा. हा तपासणीचाच प्रश्न आहे, सांधा किती हलतो तेही त्यातून कळतं. मग उपायही सांगता येतो: खुर्चीत बसून पुढे वाकायचं, दुखरा हात सैल लोंबू द्यायचा, की बगल मोकळी होते. दुसऱ्या हातानं ओल्या फडक्यानं पुसून कोरडी करायची.

पेशंट टेबलावर असताना रूम फ्रेशनर मारू नका, सहकाऱ्याकडे बघून नाक मुरडू नका. पालथ्या पडलेल्या माणसालाही ते कळतं. त्यापेक्षा सरसकट नियमच करा: कोणीही येवो, आधी गरम टॉवेलनं पाय पुसायचे. "काका, आधी पाय पुसून घेऊ, म्हणजे हात नीट बसतो."

तरीही बोलावं लागलंच, तर मुलासुनेसमोर नको, पैसे देताना काउंटरवर नको. आडून सुचवलं की समोरचा घरी जाऊन अर्थ लावत बसतो. दार लावून सरळ सांगा: "ताई, राग मानू नका, घामाचा वास जरा जास्त येतोय. पुढच्या वेळी आंघोळ करून लगेच आलात तर बरं." आणि लगेच कामाला लागा.

काही वास साबणानं जात नाहीत. पावसाळ्यात ओल्या बुटांमुळे टाचेला, चवड्याला बारीक खड्डे पडून उग्र वास येतो, तो जंतुसंसर्ग असतो. त्याला त्वचारोगतज्ज्ञांचं मलमच लागतं. गजकर्णावर हात फिरवू नका. खरुजेची शंका आली तर सेशनच पुढे ढकला: "आधी डॉक्टरांना दाखवा, तुमची वेळ मी राखून ठेवते." मधुमेही पेशंटच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येत असेल, सोबत मळमळ किंवा धाप असेल, तर व्यायाम तिथंच थांबवून त्यांना ताबडतोब हॉस्पिटलला पाठवा.