फेरोईज सर्वनामं शिकताना या चुका टाळा

फेरोईज ही उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांची भाषा. तिची सर्वनामं एका पानावर मावतात, तरी पहिल्या महिन्यातल्या बहुतेक चुका तिथेच होतात. मराठी बोलणाऱ्याच्या चुका मात्र वेगळ्या असतात, कारण आपल्या व्याकरणाची निम्मी मदत होते आणि निम्मं व्याकरण चकवतं. खालचे उच्चार देवनागरीत जवळपासचे दिले आहेत. ते बेटागणिक थोडे बदलतात.

आधी उच्चार. 'मी' म्हणजे ए, 'मला' म्हणजे मे, 'तुला' म्हणजे टे. लिहिताना या तिन्हींच्या शेवटी ग असतो, पण बोलताना तो येत नाही. 'ते' या नपुंसकलिंगी सर्वनामाच्या शेवटी 'एद' नावाचं अक्षर असतं, तेही मुकं; उच्चार फक्त टेआ. भाषाभ्यासक हामर्सहाइम्ब यांनी 1846 मध्ये घालून दिलेलं लेखन जुन्या नॉर्स (फेरोईजची पूर्वज भाषा) मुळांना धरून आहे, आजच्या उच्चाराला नाही. म्हणून सर्वनाम आधी कानाने ऐका, मग वहीत लिहा. 'उम'ने संपणारी रूपं (होनुम म्हणजे 'त्याला', ओक्कुम म्हणजे 'आम्हाला') बहुतेक ठिकाणी होनुन, ओक्कुन अशी ऐकू येतात. तो वेगळा शब्द समजू नका.

सर्वांत हट्टी चूक 'मला'ची. मराठीत 'तो मला बघतो' आणि 'तो मला मदत करतो' या दोन्हींत 'मला'च येतं, कारण आपल्या द्वितीयेचा आणि चतुर्थीचा एकवचनी प्रत्यय एकच आहे. फेरोईजमध्ये या दोन विभक्ती वेगळ्या आहेत: द्वितीया मे, चतुर्थी मेआर. 'तू'ची (उच्चार टू) तशीच जोडी आहे, टे आणि टेआर. 'बघणे' या क्रियापदाला द्वितीया लागते, 'मदत करणे'ला चतुर्थी. म्हणून 'मी तुला बघतो' हे ए सुच्ची टे, आणि 'मी तुला मदत करतो' हे ए योल्पी टेआर. इथे अदलाबदल झाली तर नुसतं व्याकरण बिघडत नाही, अर्थच पालटतो. टेआर हे 'त्या' या स्त्रीलिंगी अनेकवचनाचंही रूप आहे, प्रथमेत आणि द्वितीयेतही. त्यामुळे ए सुच्ची टेआर म्हणालात तर 'मी त्या बायकांना बघतो' असं ऐकू जातं.

यावर उपाय एकच. क्रियापद किंवा शब्दयोगी अव्यय एकटं पाठ करू नका, सर्वनामासकट करा: सुच्चा मे (मला बघणे), योल्पा मेआर (मला मदत करणे), फ्रोआ मेआर (माझ्याकडून), उम मे (माझ्याविषयी). रोज पाच जोड्या पुरेत. संपूर्ण विभक्तीचा तक्ता घोकून बोलताना योग्य रूप तोंडात येत नाही. 'आम्हाला'च्या बाबतीत सुटका आहे, तिथे दोन्ही विभक्तींत ओक्कुमच.

'मला आवडतं'ची रचना मात्र आपल्याला ओळखीची वाटते: मेआर डोआमार, म्हणजे चतुर्थीच. ज्यांच्या भाषेत 'मी पसंत करतो' अशी मांडणी असते त्यांना हे अवघड जातं, आपल्याला नाही. पण पुढच्या पायरीवर आपण घसरतो. मराठीत क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलतं: पुस्तक आवडतं, पुस्तकं आवडतात. फेरोईजमध्ये डोआमार हलत नाही, आणि आवडणारी व्यक्ती द्वितीयेत जाते. 'मला ती आवडते' हे मेआर डोआमार हेआना. 'ती'चं प्रथमेचं रूप होन इथे चालत नाही. 'मला थंडी वाजते'ही चतुर्थीतच, मेआर एर काल्ट. मग 'मला भूक लागली' तसंच असेल असा अंदाज बांधू नका. ते प्रथमेत आहे: पुरुष म्हणेल ए एरी स्वेंगुर, बाई म्हणेल ए एरी स्वोंग.

आदरार्थी अनेकवचन पूर्ण विसरा. टीट म्हणजे 'तुम्ही', पण फक्त दोन किंवा अधिक माणसांसाठी. घरमालकीण असो, शिक्षक असो, समोर एकच व्यक्ती असेल तर टू एर्ट (तू आहेस). टीट एरू (तुम्ही आहात) म्हटलंत तर ती मागे वळून दुसरं कोण आहे ते बघेल. टीयुन हे आदरार्थी रूप भाषेत आहे, रोजच्या बोलण्यात क्वचित येतं. आजोबांबद्दल बोलतानाही हान, म्हणजे 'तो'च. आपल्याला हे उद्धट वाटतं, त्यांना नाही. 'आपण' आणि 'आम्ही' हा भेदही तिथे नाही, दोन्हींना वीट.

लिंगं आपल्यासारखीच तीन: हान, होन, टेआ. पण मराठी नामाचं लिंग सोबत नेऊ नका. होडी आपल्याकडे ती, तिथे बोआटुर पुल्लिंगी, म्हणून हान. पुस्तक ते, पण बोउक स्त्रीलिंगी, म्हणून होन. घर आणि हूस तेवढे जुळतात. नाम शिकतानाच सर्वनाम जोडून शिका. अनेकवचनात पुरुषांना टाइर, बायकांना टेआर, आणि पुरुष-बाई एकत्र असतील तर नपुंसकलिंगी टेइ. हा नियम परका वाटायचं कारण नाही, 'ती दोघं आली' असं आपणही नपुंसकलिंगातच म्हणतो.

मालकी दाखवताना आपण 'त्याचा, त्याची, त्याचं' बदलतो. तिथे 'माझं' बदलतं, मुईन बोउक पण मुइट हूस. 'त्याचं' म्हणजे हानसारा मात्र कुठेच बदलत नाही. बोलताना याहून सोपी रचना जास्त चालते, योआ ('-कडे') आणि चतुर्थी: बोउचिन योआ मेआर, माझं पुस्तक. नात्यात सर्वनाम मागे जातं, माम्मा मुईन. स्वतःच्या वस्तूसाठी सेआर वापरा. हान वास्कार बीलिन योआ सेआर म्हणजे तो आपली गाडी धुतो. सेआरऐवजी होनुम आलं की गाडी दुसऱ्या कुणाची तरी. मराठीतलं 'आपला' 'मी'बरोबरही चालतं, सेआर फक्त तृतीय पुरुषात.

शेवटी, 'येतो' एवढंच म्हणून भागत नाही, कर्ता उच्चारावाच लागतो. पाऊस पडत असला तरी टेआ रेग्नार. वाक्य 'आत्ता'ने सुरू झालं तर क्रियापद दुसऱ्या जागी राहतं आणि सर्वनाम त्याच्यामागे जातं: नू रेग्नार टेआ.