क्यूच्या टिपेची कड घोटताना आणि काळी करताना या चुका टाळा

कोल्हापुरात पूल आणि स्नूकर खेळणाऱ्यांच्या क्यूंना, म्हणजे खेळायच्या काठ्यांना, गेली कित्येक वर्षे मी टोकावरच्या टिपा बसवून देत आलो आहे. दुरुस्तीसाठी येणाऱ्या क्यूंमध्ये एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: टिपेचा माथा मन लावून गोल केलेला असतो, आणि कड मात्र कशीबशी कापून, वरून काळा मार्कर फिरवून सोडून दिलेली असते. माथा बिघडला तर तो पुन्हा घासून नीट करता येतो. कड बिघडली तर बहुधा टिपच काढावी लागते, आणि पुष्कळदा तिच्याबरोबर फेरूलचेही, म्हणजे टिपेखालच्या कड्याचेही, नुकसान झालेले असते.

टिप चामड्याची असते, आणि चेंडूवर बसणाऱ्या प्रत्येक फटक्यासरशी ते चामडे दाबले जाऊन आडवे पसरू पाहते. कडेचे तंतू मोकळे राहिले असतील तर थोड्याच दिवसांत टिप फेरूलच्या बाहेर येऊन छत्रीसारखी दिसू लागते. कड किंचित ओली करून चामड्याच्या पट्टीने जोरात घोटली, तर घर्षणाने आणि उष्णतेने हे तंतू एकमेकांवर दाबून बसतात आणि बाहेरचा थर गुळगुळीत व कठीण होतो. काळ्या रंगाचा या बळकटीशी काहीही संबंध नाही. तो डोळ्यांसाठी आहे. पांढऱ्या फेरूलशेजारी काळी कड रेखीव दिसते आणि टिपेला लावायच्या निळ्या चॉकचे डाग तिच्यावर कमी जाणवतात. मला स्वतःला काळी कड फार आवडते, आणि म्हणूनच न घोटलेल्या चामड्यावर फासलेला रंग पाहवत नाही.

रंग आधी आणि घोटणे नंतर, तेही कड ओली असताना, ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी एक महाविद्यालयीन मुलगा संध्याकाळी क्यू घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा सामना होता. त्याने घरी नवी टिप लावली होती, थुंकीने कड भिजवली होती, लगेच तिच्यावर पक्का काळा मार्कर फिरवला होता आणि जीन्सच्या तुकड्याने जोर लावून घोटले होते. ओल्या चामड्यात शाई बसली नाही. ती कापडाबरोबर खाली ओढली गेली आणि पांढऱ्या फेरूलवर करड्या रंगाचा पट्टा उमटला. तो घालवण्यासाठी त्याने स्पिरिट वापरले. स्पिरिटने शाई विरघळली, पण निघण्याऐवजी ती फेरूलच्या बारीक छिद्रांत आणि पुढे मेपलच्या लाकडाच्या रेषांत शिरली. मग त्याने खरखरीत पॉलिश पेपर घेतला आणि डाग जाईपर्यंत घासत राहिला. मी व्हर्नियर लावला तेव्हा मूळची १३ मिलिमीटरची फेरूल टिपेजवळ १२.६ मिलिमीटर भरली, आणि तीही सगळीकडे सारखी नव्हती. डाग तरीही पूर्ण गेला नव्हता. त्या रात्री मी टिप त्या घासलेल्या फेरूलच्या काठाबरोबर कापून, घोटून दिली आणि तो खेळला. पण त्याची क्यू पूर्वीची राहिली नाही. फेरूल नंतर बदलावी लागली. त्या मुलाचा हात वाईट नव्हता, त्याने फक्त चामडे वाळण्याची वाट पाहिली नाही.

स्नूकरच्या पितळी फेरूलवर शाई लागली तर ती कापडाने पुसली जाते, त्यामुळे स्नूकर खेळणारे या बाबतीत निष्काळजी होतात आणि पूलची क्यू हाती आली की तीच सवय चालवतात. पूलची पांढरी फेरूल असे डाग माफ करत नाही.

माझी पद्धत अशी आहे. कड कापून आणि बारीक कागदाने घासून झाल्यावर मी बोटाने जेमतेम ओल लावतो, चामड्याची पट्टी कडेभोवती धरतो आणि कड चमकेपर्यंत घोटतो. त्यानंतर क्यू रात्रभर तशीच ठेवतो. पावसाळ्यात, जेव्हा आपल्याकडे हवेतच इतकी ओल असते की चामडे वाळता वाळत नाही, तेव्हा एक दिवस जास्त. मग फेरूलवर मास्किंग टेप लावतो, क्यू टिप खाली येईल अशी धरतो, आणि बऱ्यापैकी सुकत आलेल्या मार्करने फेरूलच्या सांध्यापासून केसभर अंतर सोडून रंग देतो. नवा, भरलेला मार्कर मी कधीही वापरत नाही, कारण त्याची शाई टेपच्या खालूनही झिरपते. रंग पूर्ण वाळला की कोरड्या पट्टीने पुन्हा घोटतो. सोडलेले अंतर या शेवटच्या घोटण्यात आपोआप भरून येते.

दुसरी चूक पॉलिश पेपरची. टिप आणि फेरूल एकदम घासली की दोन्ही एका रेषेत येतात, हे खरे आहे, आणि म्हणूनच हा मार्ग सोपा वाटतो. पण दर टिपेमागे फेरूलचा थोडा भाग जातो आणि काही वर्षांनी क्यूचे टोक बाटलीच्या मानेसारखे होते. टिप नेहमी फेरूलच्या मापाला आणायची, फेरूल टिपेच्या मापाला कधीच नाही. त्यासाठी फेरूलवर टेपचे दोन थर द्यावेत, आणि कागद वरचा थर ओरखडू लागला की थांबावे. मी ४०० नंबरने सुरुवात करून ६०० वर संपवतो. त्याहून खरखरीत कागद कडेला लावत नाही.

ब्लेडने कापताना टिप कठीण लाकडी पाटावर उलटी टेकवावी आणि पाते फेरूलकडून पाटाकडे, म्हणजे खाली, चालवावे. उलट दिशेने कापले तर फेरूलवर ओरखडा येतो आणि थरांची टिप असेल तर थर उचकटतात. अशा टिपेला पाणीही फार लावू नये. बोथट पात्याने कापू नये. नवे पाते काही रुपयांत मिळते.

लेथवर काम करून घेण्याचा मोह आपल्या शहरात साहजिक आहे, कारण उद्यमनगरातल्या कारखान्यांत ओळखीचे कोणी ना कोणी असतेच. पण लेथच्या तीन जबड्यांच्या पकडीत (चकमध्ये) शाफ्ट, म्हणजे क्यूचा दांडा, थेट आवळला तर लाकडावर खुणा पडतात. वेग जास्त ठेवून पट्टी दाबून धरली तर कड क्षणात चमकते, आणि त्याच उष्णतेने टिपेखालचा झटपट चिकटणारा गोंद कमकुवत होतो. अशी टिप दोनतीन फ्रेममध्ये सुटून आलेली मी पाहिली आहे. घोटताना कडेला बोट लावून पाहावे. चटका बसला तर थांबावे.

सुभाषनगरातील एका चप्पल कारागिराला तासन्‌तास कड घोटताना पाहूनच मी हात आवरायला शिकलो. त्याचा दाब शेवटपर्यंत सारखा राहत असे. मात्र चपलेच्या चामड्याचे सगळे उपाय टिपेला लागू पडत नाहीत. हिरडा आणि बाभळीच्या सालीने कमावलेले चामडे हिराकसाने, म्हणजे लोहाच्या क्षाराने, काळे होते, कारण लोह त्यातील टॅनिनशी संयोग पावते. टिपेचे चामडे क्रोमने कमावलेले असेल तर हिराकसाने ते तसे काळे होणार नाही. बूटपॉलिश तर लावूच नये, ते हाताला आणि कापडाला लागत राहते.

कडेवर शेवटी मेणाचा हलका हात द्यायला हरकत नाही, पण ते माथ्यावर जाऊ देऊ नये. मेण लागलेल्या माथ्यावर चॉक बसत नाही आणि टिप चेंडूवरून घसरते. म्हणून मेण लावल्यानंतर मी माथा बारीक कागदाने एकदा घासून घेतो आणि मगच क्यू परत देतो. नवी टिप पहिल्या आठवड्यात थोडी पसरतेच. तेव्हा मार्करला हात न लावता आधी बाहेर आलेला भाग कापावा, कड पुन्हा घोटावी आणि ती वाळल्यावर रंग द्यावा.